जुन्या एस्टीमची शर्यतगाडी

प्रश्न : सोळा वर्षांच्या कन्येसह जुनी मारुती एस्टीम ट्रॅकसाठी सिद्ध करीत आहे. आरंभ इंजिनापासून करावा काय?

उत्तर : इंजिनाचा विषय तूर्त दप्तरदाखल करावा. ताशी 60 किलोमीटरचा वेग 120 झाला म्हणजे गतिज ऊर्जा चौपट होते, ती सारी ब्रेकना उष्णतेच्या रूपाने सोसावी लागते, आणि ब्रेक ऑइल ओलावा शोषून जुने झालेले असले तर ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे धरतात व पेडल पायाखाली निर्जीव बसते. म्हणून प्रथम ब्रेक, मागाहून रोल केज व हार्नेस.

ब्रेक ऑइल बदलून त्यातील हवा काढताना पेडल आपण दाबून धरावे, पाना मात्र मुलीच्या हाती द्यावा; पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत उतरताना तिला दिसू द्यावेत, आणि ‘बाबा, आवळलं’ असा तिचा शब्द येईपर्यंत पाय मुळीच उचलू नये.