जीवामृताचा ड्रम : प्लास्टिक की स्टील?



बरेच सभासद विचारतायत, जीवामृतासाठी स्टीलची टाकी घ्यावी का? माझं मत, नको. २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम पुरतो.

फळांची वाइन करताना एकच यीस्ट जपायचं असतं. प्लास्टिकच्या ओरखड्यांत बाहेरचे जंतू लपतात, म्हणून तिथे स्टील बरं. आपण मात्र १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि बाकी पाणी घालून नाना तऱ्हेचे जिवाणूच वाढवतो. इथे ओरखड्यांची कसली भीती? उलट स्वस्तातलं २०२ स्टील गोमूत्रातल्या क्षारांनी गंजतं. लोखंडी ड्रमचं तर नावच नको.

खरा धोका जुन्या ड्रमचा. पुणे शहरात भंगारवाल्यांकडे कारखान्यांतले ड्रम स्वस्त मिळतात. आधी त्यात काय होतं ते विचारा. फवारणीच्या औषधाचा किंवा रसायनाचा असेल तर फुकट मिळाला तरी आणू नका. प्लास्टिक रसायन शोषून घेतं. कितीही धुवा, ते थोडं थोडं बाहेर येतच राहतं. जिवाणू मरतात आणि तेच पाणी आपल्या भाजीला जातं. लोणच्याच्या कैऱ्यांचा वगैरे ड्रम असेल तर बिनधास्त घ्या.

ड्रम काठोकाठ भरू नका, फेस येतो. गॅस होतो म्हणून घट्ट झाकणाऐवजी गोणपाट बांधा. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ लाकडी काठीने ढवळा. ४८ तासांनी तयार. एकरी २०० लिटर, ७ दिवसांच्या आत वापरा.