रोजचं एक गाणं

चि. सानिका,



सकाळी अभ्यासिकेत जाण्याआधी कोणतं गाणं ऐकलं म्हणजे दिवसभर उमेद टिकेल, असं तू विचारलं आहेस आणि सोबत गाण्यांची लांबलचक यादीही पाठवली आहेस. यादी नीट वाचली. त्यातली जवळजवळ सगळी गाणी एकाच जातीची आहेत. ढोल-ताशांचा दणका, पोवाड्यांचा आवेश, सिनेमातल्या नायकानं हरता हरता जिंकण्याची गाणी. गाणी म्हणून ती चांगलीच आहेत. पण मन कसंही असो, रोज सकाळी त्याच्यावर हाच मारा करायचा, हे मला पटत नाही. रात्री झोप लागलेली नाही, सराव परीक्षेत गुण कमी पडलेत, घरची आठवण येते आहे, अशा सकाळी ढोल वाजायला लागला की मन त्याच्याकडे पाठ फिरवतं. मग तुला वाटतं, आपल्यातच जोर उरला नाही. खरं तर चूक गाण्याच्या निवडीची असते. गाण्यानं आधी मन जिथे आहे तिथे यावं आणि मग त्याला कामाच्या दारापर्यंत न्यावं. नुसतं मनासारखं गाणं माणसाला होता तिथेच बसवून ठेवतं आणि नुसतं पुढे ओढणारं गाणं परकं वाटतं. ही दोन्ही कामं करणारं एकच गाणं रोज नव्यानं आणि स्वतः निवडावं, एवढंच मला सांगायचं आहे. त्याची कारणं मात्र सविस्तर लिहिते, कारण नुसता सल्ला तू ऐकणार नाहीस.

संगीतोपचारात हा विचार जुना आहे. १९४०च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या एका मोठ्या रुग्णालयात आयरा अल्टशुलर हे मानसोपचारतज्ज्ञ मनोरुग्णांसाठी संगीताचा वापर करत होते. खिन्न रुग्णापुढे एकदम आनंदी, चपळ संगीत वाजवलं तर तो प्रतिसाद देत नाही. त्याच्या मनःस्थितीशी जुळणाऱ्या संथ संगीतापासून सुरुवात केली आणि मग हळूहळू चाल बदलत नेली, तर तो सोबत येतो, हे त्यांनी मांडलं. अस्वस्थ, चिडलेल्या रुग्णाच्या बाबतीत सुरुवात उलट टोकाकडून, म्हणजे द्रुत संगीतापासून. संगीतोपचार शिकणाऱ्यांना हे तत्त्व आजही शिकवतात. तू काही रुग्ण नाहीस, पण मनाचा स्वभाव सगळ्यांचा सारखाच असतो.

आपल्याकडे हे कुणी तत्त्व म्हणून लिहून ठेवलं नाही, पण जात्यावर बसणाऱ्या बायकांनी ते पिढ्यानपिढ्या वापरलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या चाळल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. पहाटे उठून दळायला बसणं हे कष्टाचं काम, तरीही उत्साह चढवणारी, हाकारे देणारी गाणी त्यात फारशी नाहीत. दोघी समोरासमोर बसायच्या, दोघींचे हात एकाच खुंट्यावर, मधूनच एकीनं मूठभर वैरण घालायची. सुरुवातीची ओवी बहुधा देवाला किंवा जात्यालाच वाहिलेली, संथ, श्वास बसवणारी. मग आई, भाऊ, माहेरची वाट. आणि मग सासूचा जाच, नवऱ्याचा तिरसटपणा, मेलेलं मूल, दिवसाउजेडी ज्याचा उच्चारही करता यायचा नाही ते सगळं. पण ओवीची चाल जात्याच्या फेऱ्यात बसवलेली होती. दुःख गायचं ते हात न थांबवता. उजाडेपर्यंत मनातलं बोलून झालेलं असायचं आणि टोपलीत पीठही पडलेलं असायचं. मनाला गप्प बसवून त्या बायकांनी काम केलं नाही, आणि मन भरून आलं म्हणून कामही सोडलं नाही. तुझ्या यादीत नेमकं हेच नाही. तिथे मनाला बोलायला जागाच ठेवलेली नाही.

आता तू म्हणशील की निवडीचं काम ॲप करतंच की; ‘सकाळची ऊर्जा’, ‘उदास संध्याकाळ’ अशा नावांच्या तयार याद्या असतात, त्यातली एक लावली की झालं. याला माझे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की काल तू काय ऐकलंस हे ॲपला ठाऊक असतं, आज सकाळी दहा वाजता तुझी सराव परीक्षा आहे हे नसतं. तू ऐकत राहावंस यात त्याचा धंदा आहे. गाणं बंद करून तू पुस्तक उघडावंस यात नाही. म्हणून एका उदास गाण्यामागून दुसरं उदास गाणं आपोआप येतं आणि तासभर निघून जातो. दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा वाटतो. निवड दुसऱ्यावर सोपवली की ‘मला आत्ता नेमकं काय वाटतंय’ हा प्रश्नच तू स्वतःला विचारत नाहीस. भीती वाटते आहे, कंटाळा आला आहे, की कुणाचा राग आला आहे? बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात, ‘मूड नाही’ या दोन शब्दांत आपण ती गुंडाळतो. कॅलिफोर्नियात मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की भावनेला नेमक्या शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी होते. गाणं निवडताना हे नाव द्यावंच लागतं. माझ्या मते अर्धा गुण त्या निवडण्यातच आहे.

दुसऱ्याची यादी पुरी का पडत नाही, याला आणखी एक कारण आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सालिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांच्या गटानं २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या संगीतानं अंगावर काटा येतो असं स्वतःच्या आवडीचं संगीत लोकांना आणायला सांगितलं आणि ते ऐकताना मेंदूत काय होतं ते पाहिलं. आनंदाच्या शिखरावर डोपामीन स्रवत होतं. पण त्याआधीच्या काही क्षणांतही, ती आवडती जागा आता येणार या नुसत्या अपेक्षेनं, मेंदूच्या दुसऱ्या एका भागात ते स्रवत होतं. तबल्यावर तिहाई सुरू झाली की समेकडे आपला जीव कसा लागतो, ते आठव. अशी वाट पाहणं ओळखीच्या गाण्यातच जमतं. म्हणून उभारीसाठी दररोज नवं गाणं शोधत बसू नकोस. ज्याचा अंतरा कुठे वळतो, मुखड्यावर कसा परत येतो हे तुला पाठ आहे, अशा तुझ्याच गाण्यांतून निवड. आणि निवडलेलं गाणं पुरतं ऐक, मधेच पुढे ढकलू नकोस. १९५५ च्या रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला एक नवं गीत लागायचं आणि तेच शनिवारी, रविवारी पुन्हा. ५६ गीतांना वर्षाहून थोडा जास्त काळ लागला. गीतकार गदिमा आणि संगीतकार बाबूजी यांचं ते काम थोर होतंच, पण आठवडाभर एकच गीत मनात मुरायला मिळत होतं, याचाही लोकांच्या प्रेमात वाटा आहे असं मी मानते.

गाण्यानं आलेली उमेद टिकत नाही, असा आक्षेप तुझे बाबा नक्की घेतील. तो खरा आहे. १९९३ साली मोझार्टचं संगीत ऐकल्यावर विद्यार्थ्यांची एका प्रकारच्या आकलन चाचणीतली कामगिरी सुधारते असा निष्कर्ष अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि त्याचा केवढा गाजावाजा झाला! जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी १९९८ मध्ये नवजात बाळांच्या घरी अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका पाठवायची योजनाच आखली. मूळ प्रयोगात तो परिणाम दहा-पंधरा मिनिटंच टिकला होता, हे मागेच पडलं. पुढे कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की त्यात मोझार्टची जादू अशी काही नव्हती. चपळ, प्रसन्न संगीतानं मन ताजं झालं होतं, आणि त्या ताजेपणाचाच तो परिणाम होता. मला यातून निघणारा अर्थ निराशेचा वाटत नाही. दहा-पंधरा मिनिटं मिळतात ना? अभ्यासाला बसण्यातलं सगळ्यात अवघड असतं ते पहिली दहा-पंधरा मिनिटं बसणं. तेव्हा गाणं अंघोळीच्या वेळी किंवा चहाबरोबर लावून वाया घालवू नकोस. ते खोलीपासून अभ्यासिकेपर्यंतच्या वाटेवर ऐक, शेवटचा अंतरा जिन्यापाशी संपू दे आणि लगेच वही उघड. वहीत पहिलं काय करायचं तेही आदल्या रात्री ठरलेलं असू दे. वाचताना मात्र गाणं बंद. शब्द असलेलं संगीत वाचनात आणि पाठांतरात अडथळा आणतं, हे पुष्कळ प्रयोगांत दिसलं आहे. राज्यघटनेची कलमं आणि भावगीताचे शब्द एकाच वेळी डोक्यात मावत नाहीत.

उदास गाण्यांबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण यादीत एकही नाही यावरून तुला त्यांची धास्ती वाटते असं दिसतं. धास्ती बाळगू नकोस. दुःखी गाणं ऐकून बहुतेकांना हलकं वाटतं, कुणीतरी समजून घेतल्यासारखं वाटतं. अडचण येते ती तोच विचार घोळवत राहायची सवय असलेल्या माणसाला. तो अशा गाण्यांनंतर आणखी खचतो, असंही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून उदास सकाळी उदास गाणं जरूर घे, पण असं घे की जे संथ सुरू होऊन शेवटाकडे कुठेतरी उघडतं. आपल्या भावगीतांत आणि अभंगांत अशी गाणी रग्गड आहेत. करुणेनं सुरू होतात आणि विसाव्यावर येतात. एक ऐकायचं आणि थांबायचं. आणि हे गंभीरपणे ऐक: दोन-तीन आठवडे झोप, भूक, अभ्यास कशातच जीव लागत नसेल, तर ते गाण्याच्या आवाक्यातलं नाही. आईला सांग आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेट. त्यात कमीपणा काही नाही.

वारकरी माणूस मात्र म्हणेल की मनाला विचारायचंच कशाला. भजनी मालिकेत वारांचे अभंग ठरलेले आहेत, सोमवारी सोमवारचे म्हणायचे, मन येईल मागून. या म्हणण्याला मी मान देते. पण तिथे वीस-पंचवीस टाळ आणि मृदंग एका लयीत असतात, शेजारचा माणूस तुम्हाला ओढून नेतो, आणि भजनही संथ लयीत सुरू होऊन मगच चढत जातं. तू खोलीत एकटी आहेस. शेजारच्या टाळाचं काम तुलाच करायचं आहे. त्यासाठी एक कर, चालताना गाणं नुसतं ऐकू नकोस, गुणगुण. जात्यावरच्या बायका ऐकत नव्हत्या, गात होत्या, हा फरक मोठा आहे.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मला स्वतःला सगळ्यात जवळचा आहे. गाणं ही कला. तिला कामाला जुंपणं हा तिचा अपमान नव्हे का? पण आपली निम्मी गाणी कामाच्या पोटीच जन्मली. पाळणा मूल निजवण्यासाठी, भलरी शेतातल्या हातांना लय देण्यासाठी, काकडआरती पहाटे देवाला जागं करण्यासाठी. उपयोगानं ती हलकी झाली नाहीत. तरीही सगळ्याच संगीताला हा न्याय लावू नकोस. किशोरीताई आमोणकरांचा भूप वाटेवरच्या दहा मिनिटांत तुकडा पाडून उमेदीसाठी ऐकायचा नसतो. तो सायंकाळचा राग. रविवारी संध्याकाळी दार लावून, हातात काही न घेता ऐकावा. कामाच्या गाण्यांची एक वेगळी वही कर आणि या संगीताला तिच्यात घेऊ नकोस.

त्या वहीत गाण्यांचे गट तुझ्या मनाच्या अवस्थांप्रमाणे कर: भीतीचे दिवस, कंटाळ्याचे, थकव्याचे, आणि चांगल्या दिवसांचेसुद्धा. प्रत्येक गटात चार-पाच गाणी पुरतात. एकच गाणं रोज वापरलं की बोथट होतं, म्हणून फिरवत राहा. तुझी ढोल-ताशांची गाणी काढून टाकू नकोस, ती कंटाळ्याच्या आणि चांगल्या दिवसांसाठी अगदी योग्य आहेत. भीतीच्या दिवशी त्यांना हात लावू नकोस. परीक्षेच्या सकाळी नवं काही शोधायचं नाही, वहीतलंच घ्यायचं. आणि पुढच्या पत्रात यादी पाठवू नकोस. त्या दिवशी निवडलेलं एकच गाणं लिही, आणि ते का निवडलंस तेही लिही.

तुझी,
मावशी