भावाचे ४२, माझे ३

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये अर्विंगला राहतो. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, म्हणून माझी वीर्यतपासणी केली. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल ठीक आहे, पण ‘नॉर्मल आकार ३ टक्के’ असं आलं. मोठ्या भावाच्या २००३ सालच्या पुण्यातल्या रिपोर्टवर ४२ टक्के होते. सख्ख्या भावांत एवढा फरक? आणि आकार ठरवतं कोण, माणूस की मशीन?

उत्तर : भावाचा रिपोर्ट फडताळात परत ठेवून द्या. त्याचे ४२ आणि तुमचे ३ बहुधा वेगवेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत १९८७ साली ५० टक्के शुक्राणू सुडौल असावेत असं होतं. १९९२ साली ३०, आणि २०१० साली एकदम ४. दरम्यान परीक्षक कडक झाले होते. दक्षिण आफ्रिकेत टायगरबर्गला थिनस क्रूगर आणि सहकाऱ्यांनी १९८६च्या सुमारास जे निकष मांडले, त्यांत काठावरचा शुक्राणूही नापासच. डोकं अंडाकृती हवं, लांबी चार मायक्रॉनच्या आसपास, रुंदी तीनच्या. डोक्यावरची टोपी त्याचा ४० ते ७० टक्के भाग झाकणारी. मान सडपातळ, शेपूट न गुंडाळलेलं. वधूपरीक्षेतही इतकं कुणी पाहत नसेल!

हे ४ तरी आले कुठून? बारा महिन्यांच्या आत ज्यांच्या बायकांना दिवस राहिले, अशा पुरुषांचे नमुने तपासले आणि त्यांतल्या तळाच्या पाच टक्क्यांवर रेघ मारली. म्हणजे बाप झालेल्या त्या पुरुषांतही शंभरांतले पाचेक जण रेघेखालीच होते.

आता मोजणी. स्लाइड रंगवून किमान २०० शुक्राणू पाहतात. दोनशेंत ३ टक्के म्हणजे ६ आणि ४ टक्के म्हणजे ८. तुमच्या रात्रीच्या झोपेचा प्रश्न दोन शुक्राणूंवर अडलाय! तीच स्लाइड दुसऱ्या तंत्रज्ञाने पाहिली तरी एवढा फरक सहज पडतो.

म्हणूनच मशीन आलं. कॅमेरा प्रत्येक डोक्याची लांबी, रुंदी, क्षेत्रफळ मोजतो. तो कंटाळत नाही, सोमवारी कडक अन् शुक्रवारी सैल होत नाही. पण रंग कोणता वापरला, थर किती जाड बसला, यावर मापं बदलतात, आणि कचऱ्यालाही ते कधी डोकं समजतं. संगणकाला शिकवायच्या चित्रांवर ‘सुडौल’, ‘बेडौल’ असे शिक्केही शेवटी माणसांनीच मारलेले असतात.

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. तेवढ्या अंतराने, दोन ते सात दिवस संयम पाळून, त्याच लॅबमध्ये पुन्हा नमुना द्या. संख्या आणि हालचाल ठीक असताना नुसत्या ३ टक्क्यांवरून डॉक्टर सहसा उपचार ठरवत नाहीत. पत्नीच्या तपासण्या झाल्या का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्या राहिल्या असतील तर त्याही आत्ताच करून घ्या.