सिल्लारीची एक रात्र : दर विचारण्याआधी नियम विचारा

दिवाळीचा फराळ संपत आला आणि धरमपेठेत पहाटेचा गारवा जाणवू लागला की घराघरांत जंगलाचे बेत शिजू लागतात. ‘यंदा पोट्ट्यांना तंबूत झोपवायचं’ असं कुणीतरी जाहीर करतं आणि पहिली खरेदी होते ती तंबूची. चार माणसांचा बरा तंबू साडेतीन ते सहा हजारांत येतो. हा खर्च करू नका.

नागपूरच्या आसपासच्या व्याघ्रप्रकल्पांत आपला तंबू नेऊन झाडाखाली ठोकायची सोय नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे बाहेरच्या माणसाला अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, आणि पर्यटकाला मिळतो तो परवाना ठरल्या वेळेचा, ठरल्या वाटेचा. मुक्काम करायचा तो वनखात्याच्या किंवा एमटीडीसीच्या संकुलात, नाहीतर जंगलाबाहेरच्या खासगी रिसॉर्टात. तिथे तंबू असलाच तर तो पक्क्या ओट्यावर उभा असतो, आत पलंग आणि मागे न्हाणीघर. मुलांना त्याचंही अप्रूप वाटतंच.

म्हणून या सहलीचा हिशेब दरपत्रकापासून सुरू करू नये, नियमांच्या कागदापासून करावा. कडक नियमांची जागा कुटुंबाला स्वस्त पडते, पण नियम आधी वाचले असतील तरच. न वाचता गेलात तर त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला रुपयांची शेपटी आहे, आणि ती तिथे पोचल्यावर दिसते.

धरमपेठेतून कुठे जायचं? बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, पेंच ही तिन्ही जंगलं सकाळी निघून जेवणाआधी पोचण्याच्या अंतरावर आहेत. नवेगाव-नागझिरा आणि ताडोबा थोडे लांब. एकाच रात्रीसाठी आजी-आजोबांना तेवढं हिंडवू नये. पहिल्या खेपेला मी पेंचचं सिल्लारी सुचवेन. अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. सदरमार्गे एलआयसी चौकात आलं की तिथून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेला उड्डाणपूल आहे, त्यामुळे कामठी रस्त्याचा जुना ताप बराच कमी झालाय. पुढे कन्हान, मनसर, आणि महामार्गावरच्या पवनीहून आत वळायचं. (भंडारा जिल्ह्यातली पवनी वेगळी. नकाशात नाव टाकताना सिल्लारीच टाका, नाहीतर फोनमधली बाई तुम्हाला वैनगंगेकाठी नेऊन सोडेल.) सिल्लारीला वनखात्याचं अमलतास पर्यटक संकुल आहे आणि आसपास खासगी रिसॉर्टही आहेत.

आता रुपये. दोन मोठे, दोन मुलं आणि आजी, अशी पाच माणसं, एक रात्र, दोन दिवस, स्वतःची गाडी. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून १७० किलोमीटर. लिटरला पंधराचा ॲव्हरेज आणि १०४ रुपयांचा भाव धरला तर पेट्रोलचे बाराशे. टोलचे तीनशे बाजूला ठेवा. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते घरीच बघा. १५ नोव्हेंबर २०२५ पासून चालू फास्टॅग नसेल तर रोखीत दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल द्यावा लागतो. सरकारी संकुलातल्या साध्या कॉटेजला जास्तीच्या गादीसकट ३,३०० धरा, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे साडेतीन हजारांच्या आत. या करात एक गंमत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के लागतो, पूर्वी १२ होता. त्याच्या वर गेलात की थेट १८. म्हणजे आठ हजारांचा ‘लक्झरी टेंट’ करासकट साडेनऊ हजारांच्या जवळ जातो. कुणी अजून १२ टक्क्यांचं कोटेशन पाठवत असेल तर ते जुनं आहे, दुरुस्त करून मागा.

दोन जेवणं, एक नाश्ता आणि चहा मिळून पाच जणांचे २,७०० होतात. किरकोळीला आठशे. इथवर बेरीज साडेआठ हजार. यात सफारी घातली की जिप्सीचं भाडं, गाईड आणि प्रवेशशुल्क मिळून सहा हजारांच्या घरात जातं आणि सगळा आकडा साडेचौदा हजारांवर पोचतो. दर हंगामाप्रमाणे आणि शनिवार-रविवारी वरखाली होतात, पण प्रमाण साधारण हेच राहतं: खर्चाचे चाळीस टक्के एका सफारीचे. म्हणून दोन सफाऱ्या घेऊ नका. जिप्सीत सहा पर्यटकांची मर्यादा आहे. पूर्ण गाडी घेतलीत तर पाच असलात तरी पैसे गाडीचे जातात, तेव्हा सहाव्या जागेवर आत्याला किंवा मामाला घेऊन जा. सफारी सकाळची असेल तर परतताना दहा-साडेदहा होतात आणि खोली सोडायची वेळही बहुधा तीच असते. तासभर उशिरा सोडली तर चालेल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. अर्ध्या दिवसाचं भाडं असंच अंगावर येतं.

वेळ, नाव आणि ओळखपत्र

जंगलरस्त्यावरचे नाके संध्याकाळनंतर बंद होतात. नाक्यावरच्या वनरक्षकाशी ‘आमचं बुकिंग आहे ना भाऊ’ म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही, आणि गाडीत आजी असताना तर मुळीच नाही. मनसरला किंवा रामटेकला परत येऊन लॉज घ्यावा लागला तर दीड-दोन हजार जातात, शिवाय आधी भरलेली खोली रिकामी राहते ती वेगळी. धरमपेठेतून नऊला निघा. शुक्रवारी ऑफिस उरकून पाचला निघण्याचा मोह टाळा.

सफारीचं बुकिंग नावानिशी आणि ओळखपत्राच्या क्रमांकासह होतं. तेच ओळखपत्र मूळ स्वरूपात दाखवावं लागतं, आणि ऐनवेळी नाव बदलता येत नाही. आजीचं आधार कुठे आहे हा प्रश्न आदल्या रात्री सोडवा. कोअरचे दरवाजे १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतात, आणि हंगामातही आठवड्यात एक दिवस सुट्टीचा असतो. तो दिवस प्रत्येक जंगलाचा वेगळा आहे, म्हणून तारीख पक्की करण्याआधी तेवढं पाहून घ्या.

शेकोटी

सगळ्यात जास्त हिरमोड इथे होतो. तंबू म्हटलं की शेकोटी हवीच, असं मुलांनी सिनेमात पाहिलेलं असतं. पण अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं किंवा पेटती सोडणं, दोन्हीला वन्यजीव कायद्याच्या कलम ३० प्रमाणे मनाई आहे. राखीव जंगलात भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ लागतं. कारणही नीट समजून घ्यावं. विदर्भाचं जंगल पानगळीचं आहे. साग, धावडा, तेंदू यांची पानं फेब्रुवारीपासून जमिनीवर कुरकुरीत पडलेली असतात. त्यात मार्च-एप्रिलला मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची जुनी सवय, आणि नंतर तेंदूपत्त्याचा हंगाम. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानतं तो यामुळे. या दिवसांत वाऱ्यावर गेलेली एक ठिणगी विझवायला अख्खा गाव आणि बीटचे सगळे वनमजूर रात्रभर राबतात.

काही खासगी रिसॉर्ट ‘बोनफायर’ म्हणून पाचशे ते हजार रुपये वेगळे लावतात. ती आवाराच्या आत, लोखंडी कढईत आणि वणव्याच्या काळाबाहेर असेल तर ठीक. पॅकेजमध्ये बोनफायर लिहून एप्रिलची तारीख देणाऱ्याला मात्र दोन प्रश्न जास्त विचारा. बार्बेक्यूची शेगडी घरून नेणं विसरा.

थंडीचं काय? डिसेंबर-जानेवारीत नागपुरातच पारा दहाच्या खाली उतरतो, जंगलात तलावाकाठी त्याहून गार. शेकोटीऐवजी प्रत्येकी एक जास्तीचं पांघरूण, कानटोपी आणि आजीसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी. सगळं घरचंच, खर्च शून्य.

दिवे

पेंचला हा नियम खास आहे आणि माझ्या मते सहलीतला सगळ्यात मोठा फायदाही त्यातच आहे. जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनलने पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला डार्क स्काय पार्कची मान्यता दिली. भारतातलं ते पहिलं. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांमधले शंभराहून जास्त दिवे बदलून त्यांचा उजेड खाली जमिनीकडे पडेल असा केला गेला. गावाने एवढं केल्यावर आपण अंगणात गाडीचे हेडलाइट चालू ठेवून पत्ते कुटणं बरं दिसत नाही.

अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की सगळं पहिल्यापासून. लाल उजेडाने हा सराव फारसा मोडत नाही. गोकुळपेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानातून दहा-वीस रुपयांचा लाल जिलेटीन कागद घ्या आणि रबर लावून टॉर्चवर बसवा. तारीख ठरवताना भिंतीवरचं कालनिर्णय बघा: अमावास्येच्या आसपासचे आणि शक्यतो आठवड्यामधले दिवस. आकाश काळं मिळतं, खोलीही स्वस्त मिळते. पौर्णिमेच्या शनिवारी गेलात तर सगळ्यात महाग दरात सगळ्यात कमी तारे पाहाल. हिवाळ्यात मृग, कृत्तिका आणि रोहिणी नुसत्या डोळ्यांनी दाखवता येतात. वाघ दिसो न दिसो, हे नक्की दिसतं, आणि त्याला जिप्सी लागत नाही.

फोन, बाटली, प्लास्टिक, कुत्रा

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावकडे एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफिती पसरल्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि चालक-गाईडांवर कारवाई झाली. त्यानंतर सफारीत फोनबाबतची कडकाई वाढली. फोन खोलीवर ठेवून जायची तयारी ठेवा. साधा कॅमेरा कुणा नातेवाइकाकडे पडून असेल तर तो मागून घ्या. मोठ्या लेन्सला वेगळं शुल्क लागू शकतं. गाईडला ‘अजून थोडं जवळ घ्या ना’ म्हणू नका. दंड त्याला होतो, रोजी त्याची बुडते.

बोरला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की बोर वर्धा जिल्ह्यात आहे आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. डिकीतली बाटली तिथे सरळ गुन्हा ठरते. पेंचला जिल्हा नागपूरच असला तरी जंगलाच्या संकुलात दारू चालत नाही.

प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलच्या प्लेटा नकोत. राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत पहिल्या वेळचा दंड पाच हजार आहे, म्हणजे आपल्या हिशेबातल्या खोलीपेक्षा जास्त. चिवडा-लाडू स्टीलच्या डब्यात न्या, पाण्याला मोठा कॅन. तोंड उघडं ठेवलेला चिवड्याचा डबा ओट्यावर विसरलात तर माकडं येतात. त्यांनी फाडलेल्या मच्छरदाणीचे पैसे तुमच्याकडून घेतले जातात.

घरचा कुत्रा नेता येत नाही. नागपुरात त्याला ठेवण्याचे दिवसाला चारशे ते सहाशे पडतात. शेजाऱ्यांशी बरं असेल तर हेही वाचतात.

जेवण

खोलीत स्वयंपाक करू देत नाहीत, आणि बरंच आहे, निदान त्या दिवशी घरातल्या बाईला सुट्टी मिळते. उपाहारगृहात मात्र शहरासारखं वाटेल तेव्हा मिळत नाही. माणसं मोजून सामान आणलेलं असतं. रात्रीचं जेवण दुपारपर्यंत सांगावं लागतं, नाहीतर डाळ-भात आणि उरलेली भाजी. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, झुणका आवर्जून सांगा. पनीर तिथे महाग आणि शिळं असण्याची शक्यता जास्त. लहान मुलांसाठी अर्धी थाळी मिळते का ते विचारलं की दोन-तीनशे वाचतात. तिखट कमी हवं असेल तर आधीच सांगा. नंतर सांगून उपयोग नाही, रस्सा तोवर झालेला असतो.

आजीसाठी खालच्या मजल्यावरची खोली आणि पाश्चात्त्य पद्धतीचा संडास आहे का, हे फोनवर विचारा. सकाळी बूट झटकूनच घालायचे. औषधं दोन दिवसांची नाही, चार दिवसांची न्या. मोठा दवाखाना लागलाच तर रामटेक गाठावं लागतं.

पैसे भरताना

खासगी रिसॉर्ट घेत असाल तर चार गोष्टी लेखी मागा, व्हॉट्सॲपवर चालतील: दर करासकट आहे का, मुलांचं वय कितीपर्यंत फुकट, सफारी पॅकेजमध्ये आहे की फक्त ‘व्यवस्था करून देऊ’, आणि रद्द केलं तर किती परत. तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त लोक फसतात. सफारीच्या जागा वनखात्याच्या संकेतस्थळावरूनच मिळतात. रिसॉर्टकडे त्यांचा वेगळा साठा नसतो. म्हणून आधी सफारीची जागा नक्की करा, मग खोलीचे पैसे भरा. उलटं केलंत तर खोली हातात आणि जंगल बंद.

जाहिरातीत तंबू आणि हातात पत्र्याची खोली, असं झालं तर तिथेच फोटो काढा, बिल घ्या, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग; भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. बिल नसेल तर मात्र यातलं काही चालत नाही, तेव्हा ‘बिल नको, दोनशे कमी करतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा.