पावले सांभाळा : टाच, घोटा आणि बधिर तळवा

मंदिरात आपण अनवाणी जातो आणि घरातही बहुतेकजण अनवाणीच वावरतो. ही रीत चांगली आहे, ती सोडा असे मी म्हणणार नाही. मात्र कॅरीतल्या आपल्या घरांची जमीन टणक आहे, उन्हाळा कडक आहे आणि मधुमेह तर आपल्यात घरोघरी आहे. त्यामुळे पायांकडे लक्ष द्यायला हवे. निवृत्त झालो तरी ओळखीचे लोक भेटले की पाय दाखवतात. त्यांत वारंवार दिसणाऱ्या तीन तक्रारींबद्दल हे थोडे.

१. टाचदुखी

टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. रात्रभर तो आखडलेला राहतो. सकाळी पहिले पाऊल टाकताच तो ताणला जातो आणि टाचेत खिळा टोचल्यासारखी कळ येते. थोडे चालल्यावर ती कमी होते. एक्स-रेमध्ये ‘हाड वाढलेले’ दिसले की लोक घाबरतात. पण असे हाड न दुखणाऱ्या टाचांतही पुष्कळदा असते.

उपाय सोपा आहे, फक्त तो नेमाने करायला हवा. अंथरुणातून उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून दहा अंक मोजा. असे दहा वेळा करा. हाच व्यायाम दिवसातून तीनदा करावा. भिंतीला हात टेकून पोटरीही ताणावी. स्वयंपाकघरात तासन्‌तास उभे राहणाऱ्यांनी घरात वापरायला वेगळी, मऊ तळाची चप्पल ठेवावी. सपाट, कडक तळाची कोल्हापुरी सणासुदीला शोभते, पण दुखऱ्या टाचेला ती रोज नको. बहुतेकांची टाच काही महिन्यांत, शस्त्रक्रियेवाचून बरी होते.

२. मुरगळलेला घोटा

आपल्याकडे शरद ऋतूत वाटेवर स्वीटगम झाडाचे काटेरी गोळे पडतात, त्यांवर पाऊल फिरते. हिवाळ्यात ड्राइव्हवेवर बर्फाचा न दिसणारा पातळ थर असतो. पाय आत वळून बाहेरच्या बाजूचे बंध ताणले जातात आणि घोटा सुजतो. पहिले दोन दिवस पाय उंच ठेवा, फडक्यात गुंडाळून थोडा वेळ बर्फ लावा, पट्टी बांधा. गरम तेलाने चोळू नका. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढून घ्यावा.

एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो, कारण तोल सांभाळण्याची त्याची सवय मोडलेली असते. ती परत आणायला ओट्याला हात धरून एका पायावर अर्धा मिनिट उभे राहावे, नंतर दुसऱ्या पायावर. वयस्कर मंडळींना पडण्यापासूनही हा व्यायाम वाचवतो.

३. बधिर तळवा

टाच दुखते, घोटा दुखतो, म्हणून माणूस डॉक्टरांकडे जातो. खरा धोका न दुखणाऱ्या पायाला असतो. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगाने बोटे आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. पुष्कळशी हानी बधिर भागाला नकळत होणाऱ्या इजांनी होते, हे त्यांनी दाखवून दिले. १९६६ पासून ते अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिल येथे काम करू लागले. तिथे मिळालेले धडे मधुमेही पायांच्याही उपयोगी पडले. वेदना हा शरीराचा राखणदार आहे. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की हा राखणदार झोपी जातो.

माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. भारतातून मुलीकडे आलेल्या एक आजी जुलैच्या दुपारी चप्पल गाडीतच ठेवून डांबरी पार्किंगमधून अनवाणी दर्शनाला गेल्या. अशा उन्हात डांबर १३० अंश फॅरनहाइटच्याही वर तापू शकते. तळवा भाजला, पण त्यांना कळले नाही. तिसऱ्या दिवशी नातवाला फरशीवर ओले डाग दिसले. तोवर जखम चिघळली होती. शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला. भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यात जुन्या आजारांवर पुष्कळदा मर्यादा असतात, म्हणून खर्चाचा भारही कुटुंबावरच पडला.

घरी दोन मिनिटांत करता येईल अशी एक तपासणी आहे. आईवडिलांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तुमच्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, चोळू नका. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांची वेळ घ्या. सगळे स्पर्श कळले तरी मधुमेहींनी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यायचाच.

मधुमेहींसाठी रोजचे नियम :
• रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा वापरा.
• बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना ते पाहा.
• पाण्याचा गरमपणा कोपराने तपासा. पायाला शेकपिशवी लावू नका.
• कुरूप किंवा भोवरी ब्लेडने कापू नका. नखे सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका.
• भेगांना मलम लावा, पण बेचक्यांत नको; तिथे ओल राहून चिखल्या होतात.
• फोड, लाली किंवा जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मेडिकेअर असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे : मधुमेहाने पाय बधिर झाला असेल तर पायाची तपासणी, आणि अटी पूर्ण होत असतील तर वर्षाला विशेष बुटांचा एक जोड, त्यात बसतो.

शेवटी एक विनंती. पादत्राणे गाडीत न ठेवता मंदिराच्या दाराशीच काढावीत. मधुमेहींनी आत पांढरे सुती मोजे घालावेत. पांढऱ्यावर रक्ताचा डाग लगेच दिसतो. मोज्यांना खाली रबरी ठिपके असावेत, म्हणजे पाय घसरत नाही. ज्यांना शक्य असेल त्यांनी असे नवे मोजे मंदिरात आणून द्यावेत. ते पाहुण्या आईवडिलांच्या उपयोगी पडतील. ते जमले नाही तरी या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय तेवढे पाहा. नमस्काराला आपण वाकतोच, तेव्हा तळव्यांकडेही एक नजर टाकावी.