आयेल्ट्सचा निबंध : आधी एक मराठी वाक्य

गेल्या वर्षी आयेल्ट्सचा निकाल आला तेव्हा लेखनापुढे ६ होते. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी तिथल्या कौन्सिलला वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत ७ अन् लेखनात निदान ६.५ लागतात. अर्ध्यावर अडलं! फी गेली, हैदराबादची खेप गेली, वॉर्डातली रजाही संपली. मंडळातल्या दोघी-तिघी आता याच परीक्षेची तयारी करताहेत, म्हणून माझं कुठं चुकलं ते लिहिते.

लेखनाचा पेपर ६० मिनिटांचा. पहिल्या प्रश्नाला किमान १५० शब्द, दुसऱ्याला म्हणजे निबंधाला किमान २५०, आणि निबंधाचं वजन पहिल्याच्या दुप्पट. (मी आता निबंधच आधी लिहिते, तशी मुभा आहे.) गुण चार गोष्टींवर, चौघींना सारखेच: विचारलेल्याचं उत्तर दिलंय का, मांडणी सलग आहे का, शब्द आणि व्याकरण. मी तयारी केली ती शेवटच्या दोन गोष्टींची. ज्या क्लासला जायचे तिथं सुरुवातीचे नि शेवटचे परिच्छेद पाठ करून घेतले होते. पाठ केलेला मजकूर परीक्षक ओळखतात, हे मला फार उशिरा कळलं.

खरी चूक आईनं दाखवली, तीही भालकीला, तुरीची डाळ निवडत. प्रश्न होता: शिकलेल्या तरुणांनी आपल्या गावी परतावं असं काहींना वाटतं, तुम्ही कितपत सहमत? मी माझा निबंध तिला मराठीत करून सांगितला. शहराचे फायदे, खेड्याचे फायदे, दोन्हीकडं चांगलं-वाईट असतंच. ती म्हणाली, "ते सगळं खरं गं, पण तुला काय वाटतंय ते सांग की!"

मी गप्प. अडीचशे शब्दांत माझं मत कुठंच नव्हतं. शाळेत आपण 'माझे गाव' लिहायचो ते असंच: आधी सुविचार, मग वर्णन, मत राहिलं तर शेवटच्या ओळीत. इथं ते पहिल्याच परिच्छेदात लागतं आणि शेवटपर्यंत तेच टिकवावं लागतं.

तेव्हापासून इंग्रजीला हात लावण्याआधी आईला सांगावं तसं एक मराठी वाक्य कागदावर लिहिते. वरच्या प्रश्नाला माझं वाक्य होतं: 'गावात पोटापुरतं काम असेल तरच परत या म्हणावं.' मग प्रत्येक परिच्छेद त्या वाक्याला पुरावा देतो का, एवढंच बघायचं. पाच-सहा मिनिटं यात जातात, जाऊ द्यावीत.

उदाहरणं लंडनचीच हवीत असं काही नाही. मी बिदरीचं दिलं. पण परीक्षकाला बिदरी ठाऊक नसणार, म्हणून 'काळ्या धातूवर चांदीचं जडावकाम' एवढं अर्ध्या वाक्यात सांगितलं आणि लगेच मुद्द्यावर आले: या कामातून घर चालत असेल तर कारागिराचा मुलगा गाव कशाला सोडेल? किल्ल्यातल्या मातीनं धातू काळा कसा होतो, हे लिहायचा फार मोह झाला. खोडलं. निबंध बिदरीवर नव्हता.

व्याकरणात आपल्या मराठीच्या खोडी नेमक्या आडव्या येतात. आपण 'जरी' म्हटलं की 'तरी' आपोआप येतं, म्हणून इंग्रजीत 'ऑल्दो' लिहून पुढे 'बट'ही लिहितो. तिथं दोन्हीतलं एकच पुरतं. 'विषयावर चर्चा' या सवयीनं 'डिस्कस अबाऊट' होतं. 'डिस्कस'ला 'अबाऊट' लागत नाही. मराठीत 'द'ला जोड नाही, म्हणून तो कुठंही गळतो नाहीतर कुठंही घुसतो. माझ्या चुका मी वहीच्या मागच्या पानावर लिहिल्या. तेरा निघाल्या, पण त्याच त्या पुन्हा पुन्हा. शेवटची चार मिनिटं मी फक्त त्या तेरा शोधते, बाकी काही वाचत नाही.

'मोरओव्हर', 'फर्दरमोर' प्रत्येक वाक्याला लावायची गरज नाही. भाजीत मीठ एकदाच.

दुसऱ्या वेळी लेखनात ६.५ आले. पेपर कोणाला दाखवायचा असेल तर शनिवारी मंडळाच्या बैठकीत आणा. निबंधाच्या वर ते एक मराठी वाक्य लिहून आणा, मी आधी तेच वाचणार.