खचलेल्या माणसाच्या घरच्यांनी काय करावे?



घरातले एक माणूस मनाने खचले की सारे घर आजारी पडते. "मला जगायचेच नाही," असे ते बोलून गेले, तर आपण घाबरतो, रागावतो किंवा ऐकले न ऐकलेसे करतो. अशा घरांना आधार कसा दिला जातो, ते आज समजून घेऊ या.

२०१५ साली राज्य शासनाने शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आपला जिल्हा त्यांपैकी एक होता. आशाताईंनी घरोघरी जाऊन विचारपूस करायची आणि ज्याला जास्त त्रास आहे त्याला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ व समुपदेशकांकडे पाठवायचे, अशी ही योजना. पण रुग्ण दवाखान्यात थोडा वेळ असतो, बाकी सारा वेळ घरी. म्हणून समुपदेशक घरच्यांनाही जवळ बसवतात आणि पुढील गोष्टी शिकवतात.

१. स्पष्ट विचारा. "जीव द्यावा असे मनात येते का?" असे मायेने विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट मन मोकळे होते. उपदेश नको, तुलना नको. आधी ऐकून घ्या.

२. विष हाताशी ठेवू नका. फवारणीचे औषध घरात, गोठ्यात उघडे नसावे. ते कुलपात ठेवा. किल्ली दुसऱ्याकडे द्या. "ज्याला मरायचेच आहे तो मरणारच," हे खरे नाही. तो टोकाचा क्षण बहुधा थोड्या वेळाचा असतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. तेथील आत्महत्यांचे प्रमाण १९९५ नंतरच्या २० वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी घटले.

३. सोबत राहा. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार जपण्याचे असतात. गोळ्या घरच्यांनी आपल्या हाताने द्याव्यात. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. तपासणीची तारीख चुकवू नये.

४. स्वतःलाही जपा. रात्रंदिवस पहारा देऊन आई, पत्नी थकून जाते. नातेवाइकांनी पाळी वाटून घ्यावी. "माझेच चुकले," हे ओझेही समुपदेशकांजवळ बोलावे.

पुष्कळ घरे पोलिसांच्या भीतीने किंवा लाजेने गप्प बसतात. परंतु २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखालील व्यक्ती मानतो. त्याला उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य ठरवतो. ख्रिस्तसभाही तीव्र मनोवेदना व भीतीमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, असे शिकवते. तेव्हा अशा घराकडे बोट दाखवण्याऐवजी आपण त्या घरी जाऊन बसावे.

'टेलीमानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत असून रात्रंदिवस चालतो. मराठीतही बोलता येते. घरचे लोकही त्यावर सल्ला घेऊ शकतात. धोका समोर दिसत असेल, तर माणसाला एकटे न सोडता लगेच दवाखान्यात न्यावे.

घरी चर्चेसाठी :
१. आपल्या घरी फवारणीचे औषध कोठे ठेवलेले असते?
२. आपल्या वस्तीत कोणते घर गप्प झाले आहे? या आठवड्यात तेथे कोण जाईल?